सभागृहाचे कुलूप काढा : गावात एक महिना चित्रपटांचा

आपल्या भागातल्या कोणत्याही बऱ्यापैकी गावात जा. ग्रामपंचायतीशेजारी किंवा मारुतीच्या देवळामागे एक सभागृह उभे असते. कुणी त्याला समाजमंदिर म्हणते, कुणी सांस्कृतिक भवन, कुणी नुसताच हॉल. आमदार-खासदार निधीतून बांधलेले, दारावर नावांची फरशी आणि फरशीखाली कुलूप. वर्षातून काही लग्नांची जेवणे, एखादे आरोग्य शिबिर, मतदानाचा दिवस. बाकीचे दिवस आत सिमेंटची पोती, मंडळाचे ढोल आणि गणपतीचे मखर. नाव सांस्कृतिक, पण किल्ली नेमकी कुणाकडे आहे हे विचारत चार घरे फिरावे लागते.

या सभागृहाचा उपयोग काय करावा, यासाठी एक सूचना सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पासून पदाचे नाव हे, लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) आणि शेतकरी बंधू-भगिनींपुढे ठेवायची आहे. एप्रिल महिना घ्यावा, आठवड्यातून दोन संध्याकाळी सभागृह उघडावे आणि गावाने एकत्र बसून चित्रपट पाहावेत. महिन्यात आठ-नऊ खेळ होतात. प्रत्येक खेळानंतर अर्धा तास बोलणे. आणि १ मेच्या ग्रामसभेत त्या बोलण्यातून निघालेले विषय मांडणे.

"सिनेमाने काय शेतमालाला भाव वाढणार आहे का?" असे कुणी म्हणेल. नाही वाढणार. पण गावात काही प्रश्न असे आहेत की त्यांवर बैठकीत कुणी तोंड उघडत नाही. सावकाराचे कर्ज, सोसायटीतली मर्जी, जातीची बसायची जागा, घरातल्या कर्त्या माणसाच्या मनावरचा ताण. "तुमच्या घरात काय चालले आहे" असे विचारले तर माणूस गप्प बसतो. पण पडद्यावरच्या माणसाबद्दल सगळेच बोलतात आणि बोलता बोलता आपल्यावर येतात. विस्तार कार्यात काम करणाऱ्याला हे बरोबर कळते. बियाणे प्रक्रियेवर बैठक लावली तर पंधरा माणसे, तीही त्याच त्याच घरांतली. चित्रपट लावला तर म्हाताऱ्या आया-बायांपासून पोराटोरांपर्यंत अख्खी आळी.

तंबूपासून मोबाइलपर्यंत

एकत्र चित्रपट पाहणे खेड्याला नवे नाही. जत्रा भरली की टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. ट्रकमधून यंत्र यायचे, मध्ये पडदा, कर्ण्यावरून पुकारा आणि जमिनीवर बसलेले लोक. टीव्ही, व्हिडिओ आणि पुढे मोबाइल आल्यावर हे तंबू एकेक करून उठले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला. तंबू गेले, माहितीपट राहिला.

आज चित्रपट कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. पोरगा ओसरीवर एक बघतो, सून स्वयंपाकघरात दुसरे, म्हातारा खाटेवर भजन. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा. बघणे वाढले, पण बघून झाल्यावर शेजाऱ्याला "तुला काय वाटलं?" असे विचारणे संपले. हा महिना त्यासाठी आहे.

एप्रिलच का?

रब्बीत रात्रीचा कार्यक्रम लावणे शेतकऱ्याच्या सोयीचे नाही. कृषिपंपाची थ्री फेज वीज पाळीने रात्री येते आणि माणूस गव्हाला पाणी द्यायला बांधावर असतो. पावसाळ्यात पेरणी, खुरपणी, फवारणी. एप्रिलमध्ये गहू-हरभरा घरात आलेला असतो, खरिपाची धावपळ सुरू व्हायची असते आणि उन्हामुळे लोक संध्याकाळी तसेही बाहेरच बसतात. कांदा काढणीची गावे किंवा चैत्रातली यात्रा असलेली गावे यांनी आपापल्या सोयीने आठवडा मागे-पुढे करावा. लग्नाची मोठी तिथी आणि आठवडे बाजाराचा वार तेवढा टाळावा. मुलांच्या परीक्षा असतात, म्हणून त्यांच्या आवडीचे चित्रपट शनिवारी ठेवावेत.

एप्रिलचे आणखी एक कारण आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. म्हणजे महिन्याचा शेवटचा खेळ वार न बघता त्यांच्या जयंतीला करावा आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहेच.

पहिला आठवडा : हसत हसत सुरुवात

पहिल्याच दिवशी रडका किंवा जड चित्रपट लावू नये. लोक दुसऱ्यांदा येणार नाहीत. उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' (२००८) लावावा. गावात सोडलेला वळू मोकाट सुटतो, त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो आणि गावातले दोन गट त्या वळूच्या निमित्ताने एकमेकांवर शिंगे रोखतात. गाव पोट धरून हसेल. हसून झाल्यावर मोकाट जनावरांनी पिकाचे होणारे नुकसान आणि आपल्या गावच्या कोंडवाड्याची अवस्था हा विषय आपोआप निघेल.

दुसरा परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा केला त्याची ही गोष्ट. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. शेतकऱ्याने लक्षात ठेवावे असे यात एक आहे. मोठ्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते, पण ही कला काय आहे हे पैसेवाल्याला पटवायचे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा लावून थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर दाण्याला मोड फुटून वेल वर चढताना दिसला. १९१२ सालच्या या छोट्या चित्रपटाचे नाव 'अंकुराची वाढ'. म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटाची सुरुवात एका बियाण्याच्या उगवणीपासून झाली म्हटले तरी चालेल. याचा उपयोग पुढे सांगतो.

दुसरा आठवडा : सहकार, दोन्ही बाजूंनी

श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) हा या महिन्याचा मुख्य चित्रपट. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घातले आणि त्या १० लाखांतून हा चित्रपट झाला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, मुख्य कामात गिरीश कार्नाड आणि स्मिता पाटील. गावात खासगी डेअरीवाला दुधाला वाटेल तो भाव देतो. शहरातून डॉक्टर राव येतात, दुधाची तपासणी करून फॅटप्रमाणे पैसे देतात आणि सोसायटी काढायला निघतात. पण सोसायटीत दलित वस्तीतल्या दूधवाल्यालाही सरपंचाएवढेच एक मत, इथे घोडे अडते. शेवटी रावांना गाव सोडावे लागते आणि सोसायटी चालवायची जबाबदारी गावच्याच पोरावर येते. बाहेरचा माणूस कामाला सुरुवात करून देऊ शकतो, काम चालवायचे गावाने, हे यातले सांगणे.

हा चित्रपट पुढे नुसता थिएटरमध्ये राहिला नाही. त्याच्या लहान प्रती काढून गावोगाव दाखवल्या गेल्या, बरोबर पशुवैद्य आणि दुग्धतज्ज्ञ जात आणि चित्रपटानंतर सोसायटी कशी काढायची ते सांगत. २०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची जुनी प्रत दुरुस्त करून स्वच्छ केली. ती कानला दाखवली गेली आणि जूनमध्ये देशात पुन्हा थिएटरांत लागली.

या खेळानंतर गावच्या दूध संस्थेच्या सचिवाला बोलवावे. फॅट आणि एसएनएफ कसे काढतात ते सर्वांसमोर यंत्रावर करून दाखवावे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून भाव काढतात हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण पॉइंट खाली आला की किती पैसे कापले जातात, हे पावतीवरून किती जण ताडून बघतात? त्या रात्री पावत्या घेऊन या असे सांगावे.

त्याच आठवड्यात जब्बार पटेल यांचा 'सामना' लावावा. हाही तेंडुलकरांनी लिहिलेला. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखर कारखाना, सोसायटी, शाळा सगळे मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि त्याला एका बेपत्ता माणसाबद्दल प्रश्न विचारत राहणारा दारुडा मास्तर (श्रीराम लागू). 'मंथन'मध्ये सहकार उभा राहताना दिसतो, 'सामना'त तो एका वाड्यात बंद झालेला दिसतो. दोन्ही एका आठवड्यात पाहिले म्हणजे आपली संस्था कोणत्या वाटेवर आहे हे सभासदाला कुणी सांगावे लागणार नाही.

तिसरा आठवडा : आंबेडकर जयंती आणि बसायची जागा

१४ एप्रिलच्या आठवड्यात नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लावावा. तो २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरांत लागला. जब्या शाळेत जाणारा मुलगा, पण गावाला डुकरे पकडायची झाली की त्याच्या घराला बोलावणे येते आणि सगळा गाव बांधावर उभा राहून मजा बघतो. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो सरळ बघणाऱ्यांच्या दिशेने येतो. बघणारे म्हणजे आपणच, हे सभागृहात अंधारात बसलेल्या प्रत्येकाला कळते.

या खेळाच्या रात्री भाषण नको. जयंती उत्सव समितीलाच यजमान करावे. आणि एक नियम पहिल्या दिवसापासूनच पाळावा : पुढच्या खुर्च्या कुणासाठी राखीव नाहीत. सतरंजी सगळ्यांना एक. जो आधी येईल तो पुढे बसेल. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकुरवाळ्या बायांना तेवढी जागा द्यावी. हा नियम महिनाभर पाळला तर चित्रपटाइतकेच काम त्याने होईल.

याच आठवड्याच्या शनिवारी मुलांसाठी मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८) घ्यावा. बिबट्यासाठी केलेल्या खड्ड्यात बैल पडून लंगडा होतो. दारात बटाट्याची लागण आलेली, बाप कर्जात. लंगडा बैल विकून दुसरा आणायचा हे बापाला दिसते, पोराला फक्त आपला चितंग्या दिसतो. कुणीच वाईट नाही, तरी काहीतरी वाईट घडते आहे, शेतकऱ्याच्या घरातले हे दुखणे यात नेमके आले आहे. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, त्यामुळे आज हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. काम न होणारे जनावर सांभाळायचे कसे, यावर बोलणे व्हावे. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर त्या दिवशी बोलवावेत म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या घटसर्प आणि फऱ्या लसीकरणाची तारीख तिथेच ठरेल.

चौथा आठवडा : जमीन, कर्ज आणि मन

बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' (१९५३) म्हाताऱ्यांनी पाहिलेला असेल, तरुणांनी पाहावा. शंभू नावाचा शेतकरी (बलराज साहनी) जमीनदाराचे कर्ज ६५ रुपये समजून घरातले किडूकमिडूक विकतो, तर वहीत २३५ निघतात. जमीन वाचवायला तो कलकत्त्यात जाऊन माणसांची रिक्षा ओढतो. ही गोष्ट आपल्याकडेही फार जुनी आहे. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला, त्यात सावकाराच्या कागदात अडकून जमीन गेलेल्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांतारामांनी केले होते. शंभर वर्षे झाली, कागद मात्र तसाच आहे.

या रात्री सांगायची माहिती अशी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ पासून लागू आहे. सावकाराला परवाना लागतो, व्याजाचा कमाल दर शासन ठरवते आणि सावकारीपोटी बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातून कुणी येऊन हे सांगितले तर उत्तम. आपली सही कोणत्या कागदावर आहे, खरेदीखतावर की गहाणखतावर, एवढे जरी दहा जणांनी घरी जाऊन पाहिले तरी संध्याकाळ वाया गेली नाही.

दुसरा सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). विदर्भातला किसना (गिरीश कुलकर्णी) पावसाची वाट बघतो आहे आणि त्याची बायको अलका (सोनाली कुलकर्णी) त्याची. गावात एकाने जीव दिल्यापासून तिला धास्ती बसली आहे. नवरा जरा उशिरा आला की ती पोराला मागावर पाठवते. त्याच्या मनासारखे गोडधोड करते. तो वैतागतो आणि तिला बोलताही येत नाही की मला कशाची भीती वाटते.

हा चित्रपट लावताना काळजी घ्यावी. ज्या घरात असा प्रसंग झाला आहे, त्या घरी आदल्या दिवशी जाऊन विचारावे. त्यांना नको असेल तर दुसरा लावावा. चर्चेत कुणाचे उदाहरण देऊ नये, कुणी "का केले असेल" याची चिरफाड करू नये. त्या रात्री बोलायचे ते बायकांनी आधी. घरातला माणूस जेवत नाही, झोपत नाही, एकटा बसतो, कुणाशी बोलत नाही, हे सर्वांत आधी तिला दिसते. तिने कुणाला सांगायचे? आशाताईला, जवळच्या भावकीला, प्राथमिक आरोग्य केंद्रात. मनावरच्या ताणासाठी शासनाची टेलिमानस ही फुकट दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. तो सभागृहाच्या भिंतीवर ठळक रंगवून ठेवावा आणि महिना संपल्यावरही पुसू नये. शेतीच्या प्रश्नांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक त्याखाली लिहावा. विकास सोसायटीच्या सचिवांनी कर्जाच्या पुनर्गठनाची आणि त्या हंगामाच्या पीक विम्याची चालू माहिती द्यावी. माणसाला वाट दिसली की धीर येतो.

३० एप्रिल : शेवटचा खेळ

शेवटी 'देऊळ' (२०११). उमेश कुलकर्णी यांच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता. केश्या नावाचा साधा गुराखी आपली गाय शोधताना झोपेत देव पाहतो आणि बघता बघता गावात देऊळ, दुकाने, पुढारी, गर्दी. दवाखान्याची मागणी मात्र मागे पडते. श्रद्धेवर टीका करायची म्हणून हा बघायचा नाही. गावाकडे पैसा येतो तेव्हा तो कशावर जातो आणि कोण ठरवतो, एवढेच त्यात बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभेत हेच बघायचे आहे.

याच रात्री आधी दहा मिनिटे गावच्या पोरांनी केलेला चित्रपट दाखवावा. फाळक्यांच्या वाटाण्यासारखा. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने गुंडाळून ठेवायचे, गोणपाट सुकू द्यायचे नाही आणि आठवडाभराने किती मोड आले ते मोजायचे. ही उगवण क्षमता चाचणी आम्ही दर वर्षी सांगतो. ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवले तर बियाणे नेहमीच्या मात्रेत पेरावे, त्याहून कमी आले तर मात्रा वाढवावी, फारच कमी आले तर बियाणे बदलावे. बाजूला एका पसरट भांड्यात ओल्या मातीवर थोडे दाणे पेरून समोर मोबाइल तिवईवर बांधावा, दर तासाला एक फोटो घ्यावा आणि फोटो जोडून चित्रफीत करावी. कुणाच्या घरचे बियाणे कसे उगवले हे अख्खा गाव पडद्यावर बघेल. पत्रक वाटून जे होत नाही ते यातून होईल, आणि तेही पेरणीच्या सव्वा महिना आधी.

यंत्र आणि वीज

बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत प्रोजेक्टर आहे, आधी मुख्याध्यापकांना विचारावे. नसेल तर तालुक्याला भाड्याने मिळतो. पडदा विकत घेण्याची गरज नाही. सपाट भिंतीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले की चित्र कापडापेक्षा स्वच्छ येते, कापड वाऱ्याने हलते. १० फूट रुंद चित्र हवे असेल तर साधा प्रोजेक्टर भिंतीपासून साधारण १५ फुटांवर येतो. आवाज मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचला पाहिजे, नुसता मोठा नको. भजनी मंडळाचे स्पीकर चालतात.

प्रोजेक्टर ३०० वॅट आणि आवाजाची यंत्रणा २०० वॅट धरली तर तीन तासांना दीड युनिट वीज लागते. गावठाणाची वीज गेली तर १५० अँपिअरच्या बॅटरीवर दोन तास निघतात, म्हणून एक इन्व्हर्टर जोडून ठेवावा. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझरशिवाय प्रोजेक्टर लावू नये, दिवा उडाला की महिन्याचा सगळा हिशोब कोलमडतो.

परवानगी आणि कायदा

हा भाग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नीट वाचावा. घरी बघायला घेतलेली सीडी किंवा मोबाइलवरचे वर्गणीचे ॲप सभागृहात लावता येत नाही. सार्वजनिक खेळासाठी निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते. गावासाठी फुकट खेळ आहे असे पत्र लिहून विचारावे, माफक रकमेत देणारे निर्माते असतात. जुन्या चित्रपटांचे काम सोपे आहे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. म्हणजे 'दो बीघा जमीन' किंवा आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई', दोन्ही १९५३ चे, यांचा हक्क संपला आहे. तरी आपण लावणार ती प्रत कुणाची, हे विचारून घ्यावे. फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती आणि पुण्याचे चित्रपट संग्रहालय या संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या, त्यामुळे जुन्या माहितीपटांसाठी आता तिथे पत्रव्यवहार करावा.

सेन्सॉरचे प्रमाणपत्र असलेलाच चित्रपट लावावा आणि प्रमाणपत्रावरचे वय बघून मुलांना बसवावे. खेळ लावण्यापूर्वी तहसील कचेरीत अर्ज देऊन कोणता परवाना लागतो ते विचारावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आहे. म्हणून सात वाजता चित्रपट सुरू, साडेनऊपर्यंत संपला पाहिजे आणि दहाला दार बंद. लांब चित्रपट असेल त्या दिवशी अर्धा तास आधी लावावा.

पैसा आणि शिस्त

तिकीट लावू नये, तिकिटाबरोबर वेगळे नियम आणि वेगळे वाद येतात. 'मंथन'चा हिशोब इथेही करावा. समजा भाडे, परवानग्या आणि वीज मिळून १५,००० रुपये आले आणि गावात ३०० उंबरे आहेत, तर उंबऱ्यामागे ५० रुपये. पैसे एका माणसाने दिले तर तो कार्यक्रम त्याचा होतो, सगळ्यांनी दिले तर गावाचा. जमा-खर्च सभागृहाच्या दारावर लावावा. चहाचे काम महिला बचत गटाला द्यावे.

खेळाआधी सत्कार नको, हार-नारळ नको, पुढाऱ्यांच्या फोटोंचा फलक नको. पिऊन आलेल्याला दारातून परत पाठवायचे आणि हे काम तंटामुक्ती समितीने करायचे, एकट्या शिपायावर टाकायचे नाही. सभागृह ते वस्ती या रस्त्यावरचे दिवे आधी दुरुस्त करावेत, नाहीतर बायका पहिल्या दिवशी येतील आणि दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. चर्चेला एक वही ठेवावी. शाळेतल्या एखाद्या मुलीने त्यात लिहीत जावे : कोणता चित्रपट, कुणी काय विचारले, कुणी काय करायचे कबूल केले.

नऊ संध्याकाळी झाल्यावर त्या वहीत दूध पावतीचा, कोंडवाड्याचा, सावकाराच्या कागदाचा, लसीकरणाचा, रस्त्यावरच्या दिव्याचा विषय असेल. ती वही १ मेच्या ग्रामसभेच्या टेबलावर ठेवावी आणि एकेक विषय वाचून ठराव घ्यावा. महिलांची सभा ग्रामसभेआधी घ्यायची असतेच, त्यांचे विषय पहिल्यांदा वाचावेत.

ज्या गावाला हे करायचे आहे त्याने मार्चच्या मासिक सभेत दोन ठराव घ्यावेत. पहिला, सभागृहातली पोती आणि मखर दुसरीकडे हलवण्याचा. दुसरा, सभागृहाची किल्ली कुणाकडे राहील आणि ती कोणत्या वारी किती वाजता उघडेल, हे फळ्यावर लिहिण्याचा.